शूर कोणाला म्हणावे?



दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांना पवित्र आत्म्याची सात दाने शिकवताना 'धैर्य' या शब्दापाशी वर्ग थोडा रेंगाळतो. बाकीची दाने मुले पाठ करून टाकतात. धैर्य म्हटले की मात्र त्यांचे डोळे चमकतात. शूर कोण, असे विचारले की एकच उत्तर येते: सैनिक! छातीवर पदक असलेला, शत्रूवर तुटून पडणारा सैनिक. मागे एका मुलीने मला उलट प्रश्न केला, "सर, हल्ला न करता पण शूर होता येतं का?" मी "हो, येतं ना" म्हणालो आणि घाईघाईने पुढच्या दानाकडे वळलो. उत्तर बरोबर असेलही, पण मी ते फुकटचे दिले होते. त्याची भरपाई म्हणून आज एका सैनिकाची कहाणी सांगतो. त्याला पदकही मिळाले होते, म्हणजे मुलांचीही तक्रार राहणार नाही.

त्याचे नाव मायकल डॉहर्टी. जन्म १८४४ चा, आयर्लंडच्या वायव्य टोकाला असलेल्या डोनेगल परगण्यातला. तो वर्षभराचा झाला नाही तोच तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि आयर्लंडचा महादुष्काळ सुरू झाला. दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि तापाने गेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या लोंढ्यात डॉहर्टीही अमेरिकेला पोहोचला आणि पेनसिल्व्हेनिया राज्यात आला. त्याच राज्यातल्या फिलाडेल्फिया शहरात, त्याच्या जन्माच्याच वर्षी, परक्या कॅथलिकांविरुद्ध दंगल उसळून दोन चर्चेस जाळली गेली होती. आयरिश म्हणजे गरीब, अडाणी, दारुडे आणि पोपचे ताबेदार, असा तिथल्या पुष्कळ लोकांचा समज होता. पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाला तिथे काय काय ऐकून घ्यावे लागते, हे आपल्या घरांतही काहींना ठाऊक आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि देश एकसंध ठेवण्यासाठी उत्तरेने शस्त्र उचलले. उत्तरेच्या सैन्यातला जवळपास चौथा भाग परदेशात जन्मलेल्यांचा होता. त्यात जर्मन होते, आयरिश होते. दीड लाखाच्या आसपास आयरिश तरुण त्या सैन्यात लढले. सगळेच काही ध्येयाने गेले नव्हते. कोणाला पगार हवा होता, कोणाला 'आम्हीही याच देशाचे' हे दाखवून द्यायचे होते. आणि सगळेच आयरिश वीर होते असेही कोणी समजू नये. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये जी दंगल झाली, तिच्यात आयरिश जमावाने कृष्णवर्णीयांना भररस्त्यात ठार केले आणि त्यांच्या पोरक्या मुलांचे अनाथालय जाळले. आपल्या धर्माच्या माणसांची पापे झाकून त्यांचे पराक्रम तेवढे सांगायचे, ही सवय बरी नव्हे, म्हणून हेही लिहिले.

डॉहर्टी पेनसिल्व्हेनियाच्या तेराव्या घोडदळात साधा शिपाई होता. ही पलटण सुरुवातीला 'आयरिश ड्रॅगून्स' या नावानेच उभी राहिली होती. १२ ऑक्टोबर १८६३ रोजी व्हर्जिनियातील जेफर्सन येथे शत्रूने एका घराचा आसरा घेऊन मारा चालवला होता. डॉहर्टी आपल्या कंपनीतील काही जणांच्या पुढे होऊन उघड्या माळावरून, गोळ्यांच्या वर्षावात धावत गेला, शत्रूला हुसकावून लावले आणि मग ते घर त्यांनी कित्येक तास लढवत ठेवले. त्यामुळे आपल्या फौजेला बगल देऊन घुसण्याचा शत्रूचा डाव फसला. या कामगिरीबद्दल त्याला 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. मिळाले ते मात्र १८९७ मध्ये, तेहतीस वर्षे उलटून गेल्यावर! त्या युद्धासाठी अशी सुमारे दीड हजार पदके दिली गेली आणि ती मिळवणाऱ्यांत परदेशात जन्मलेले शेकडो होते.

पदकाची गोष्ट इथे संपते. मुलांना सांगायची असेल तर इथेच थांबावे. पण डॉहर्टीच्या आयुष्यातली लढाई इथे संपली नाही. त्याच लढाईत तो आणि त्याच्या पलटणीचे शंभराहून अधिक जण शत्रूच्या हाती सापडले. रिचमंडच्या तुरुंगांत काही महिने काढल्यावर त्यांची रवानगी जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथे झाली.

अँडरसनव्हिल हे नाव अमेरिकेत आजही खाली मान घालून उच्चारले जाते. फेब्रुवारी १८६४ मध्ये सुरू झालेली ती एक उघडी छावणी होती. भोवती उंच लाकडी ओंडक्यांची भिंत, आत छप्पर नाही, झाड नाही. मधून एक ओहोळ वाहायचा. प्यायला तोच आणि शौचालाही तोच. भिंतीच्या आत काही फुटांवर एक हलकेसे लाकडी कुंपण होते. त्याला हात लावणाऱ्यावर पहारेकरी गोळी झाडत. त्या रेषेला 'डेडलाइन' म्हणत. (आज ऑफिसात आपण सहज वापरतो तो शब्द त्या युद्धातल्या तुरुंगांतूनच आला आहे.) दहा हजार माणसांसाठी बांधलेल्या त्या जागेत ऑगस्ट १८६४ मध्ये बत्तीस हजारांहून अधिक कैदी होते. खायला कणसाच्या दांड्यासकट भरडलेले मक्याचे पीठ. ते पोटात गेले की आतडी सोलून निघत. हगवण, हिरड्या सडवणारा स्कर्व्ही, उन्हाचा कहर. चौदा महिन्यांत एकंदर पंचेचाळीस हजार कैदी तिथे आणले गेले आणि त्यांतले जवळजवळ तेरा हजार तिथेच पुरले गेले.

आता त्या मुलीचा प्रश्न पुन्हा मांडतो. माळावरून धावत जाण्याला पदक मिळाले. पण अँडरसनव्हिलमध्ये रोज सकाळी उठण्याला काय म्हणावे?

संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे: धैर्याचे मुख्य काम कोणते, चढाई करणे की सोसणे? त्यांचे उत्तर वाचून मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले होते. मुख्य काम सोसणे, असे ते म्हणतात, आणि कारणेही देतात. चढाई करणारा स्वतःला बलवान समजून पुढे जातो. सोसणाऱ्यापुढे त्याच्याहून बलवान असे काहीतरी उभे असते. चढाई करणाऱ्याला धोका पुढे कुठेतरी दिसत असतो. सोसणाऱ्याच्या अंगावर तो आत्ता, या क्षणी आलेला असतो. आणि चढाई एका झटक्यात होऊन जाऊ शकते. सोसण्याला मात्र वेळ लागतो, पुष्कळ वेळ. डॉहर्टीच्या बाबतीत बोलायचे तर एकीकडे काही तास आणि दुसरीकडे दीड वर्षाच्या आसपासचा काळ.

तुमच्यापैकी कोणी लगेच म्हणेल, "अहो, कैद्याला दुसरा पर्याय तरी काय होता? बांधलेल्या माणसाचे सोसणे म्हणजे नाइलाज. नाइलाजाला धैर्य कसे म्हणायचे?" आक्षेप योग्य आहे. नुसते दुःख भोगले म्हणून कोणी शूर ठरत नाही. ज्याला निसटायला एक दार उघडे आहे आणि तरी जो त्या दाराने जात नाही, त्याच्या सोसण्यालाच धैर्याचे नाव शोभेल. अँडरसनव्हिलमध्ये असे दार होते का?

होते. एक नव्हे, दोन.

पहिले दार शत्रूनेच उघडले होते. सैनिकांचा तुटवडा पडल्यावर दक्षिणेचे अधिकारी कैद्यांमध्येच भरती करू लागले आणि त्यांचा डोळा खास करून परदेशात जन्मलेल्यांवर होता. या भांडणाशी तुमचे काय देणे-घेणे? हा तुमचा देश थोडाच आहे? आमच्या बाजूने शपथ घ्या, पोटभर जेवा, बाहेर या! आयरिश कैद्यासाठी हा युक्तिवाद किती गोड असेल, याचा विचार करा. ज्या देशात त्याची चर्चेस जाळली गेली, त्या देशासाठी त्याने या घाणीत का कुजावे? काही जणांनी ते दार स्वीकारले. मला त्यांच्यावर दगड उचलवत नाही. चार दिवस उपाशी राहून पाहिल्याशिवाय कोणीच तो उचलू नये. पण बहुतेकांनी नकार दिला. एकच 'हो' म्हणायचा होता आणि तो त्यांनी म्हटला नाही. तिथे त्यांचे सोसणे नाइलाज राहिले नाही.

दुसरे दार आतल्या आत होते. कैद्यांमध्येच एक टोळी तयार झाली होती, 'रेडर्स'. ते आपल्याच सोबत्यांची भाकर, घोंगडी, पैसे लुटत, प्रसंगी जीवही घेत. या टोळीत गेलेला माणूस उपाशी राहत नव्हता. शेवटी कैद्यांनीच त्यांना पकडले, त्यांच्यावर खटला चालवला आणि ११ जुलै १८६४ रोजी सहा जणांना छावणीतच फाशी दिली. त्या सहा जणांतही आयरिश होते. म्हणजे तीच भूक, तीच जात, तोच धर्म. एकजण लुटारू झाला आणि दुसरा झाला नाही. लुटारू न होणाऱ्याला कोणी पदक देत नाही. तशी तरतूदच नसते.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्यामुळे हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात दोन्ही बाजू कैद्यांची अदलाबदल करत होत्या. १८६३ मध्ये ती थांबली. कारण उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीय सैनिक दाखल झाले होते आणि दक्षिणेने त्यांना युद्धकैदी मानायला नकार दिला. पळून गेलेली मालमत्ता म्हणून त्यांना पुन्हा गुलामगिरीत ढकलण्याची भाषा ती करत होती. उत्तरेने सांगितले, आमचे सैनिक ते आमचे सैनिक, मग कातडी कोणत्याही रंगाची असो. सोडायचे तर सगळ्यांना सारख्या नियमाने सोडा. पुढे ऑगस्ट १८६४ मध्ये जनरल ग्रँट यांनी दुसरेही, कोरड्या हिशेबाचे कारण दिले: सोडलेला प्रत्येक शत्रू पुन्हा बंदूक घेऊन समोर उभा राहणार. कारणे दोन्ही होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तत्त्वाची बाजू खोटी नव्हती.

आणि त्या तत्त्वाची किंमत कोणी दिली? वॉशिंग्टनमध्ये पंख्याखाली बसलेल्यांनी नव्हे. ती अँडरसनव्हिलच्या चिखलात दिली गेली. त्याच उन्हाळ्यात तिथल्या कैद्यांनी आपल्या सरकारकडे अदलाबदल सुरू करा असा अर्ज पाठवला होता. त्यांना आपण डरपोक म्हणू शकतो का? मी तरी म्हणणार नाही. दुसऱ्याने ठरवलेल्या तत्त्वासाठी मरायला सांगितले तर माणूस 'का?' असे विचारणारच. मला वाटते, सरकारने ते तत्त्व सोडले असते तर ते चुकले असते. आणि कैद्यांनी अर्ज केला नसता तर ती माणसे माणसे राहिली नसती. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. सैन्यात आणि बाहेर, न्याय सांभाळणारा एक असतो आणि त्या न्यायाचे ओझे वाहणारा बऱ्याचदा दुसराच असतो. ओझे वाहणाऱ्याचे नावही आपल्याला माहीत नसते.

सोसणे योग्य कारणासाठी असेल तरच तो सद्गुण, हेही अक्विनास सांगतात. न्यायाशिवाय धैर्य हे त्यांच्या लेखी धैर्यच नव्हे. इथे मला दुसऱ्या एका स्थलांतरित आयरिश माणसाची आठवण होते आणि त्याच्यापाशी गोष्ट जरा अवघड होते.

फादर पीटर व्हीलन यांचा जन्म १८०२ सालचा, आयर्लंडच्या वेक्सफर्डचा. १८३० मध्ये अमेरिकेत त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढे जॉर्जियातल्या खेडोपाडीच्या कॅथलिकांची त्यांनी वर्षानुवर्षे सेवा केली. युद्धात ते दक्षिणेच्या सैन्याचे धर्मगुरू होते. एप्रिल १८६२ मध्ये सव्हानाजवळचा पुलास्की किल्ला पडला तेव्हा तेही तिथल्या सैनिकांबरोबर पकडले गेले. त्यांना सुटकेची मुभा मिळत होती. पण आपली माणसे न्यूयॉर्कच्या तुरुंगात आहेत तोवर आपणही तिथेच, असे म्हणून ते मागे राहिले. म्हणजे कैद काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

जून १८६४ मध्ये बिशपांच्या सांगण्यावरून ते अँडरसनव्हिलला गेले. आता कैदी शत्रूच्या बाजूचे होते. इतर धर्मगुरूही आले, काही दिवस राहिले आणि आजारी पडून परतले. बासष्ट वर्षांचे फादर व्हीलन त्या कडक उन्हाळ्यातून ऑक्टोबरपर्यंत राहिले. पहाटे उठून आत जायचे आणि संध्याकाळी बाहेर यायचे. कैद्यांनी उन्हापासून बचावासाठी जमिनीत खड्डे खणले होते. त्यांत गुडघ्यांवर रांगत शिरून, मरणाऱ्याच्या शेजारी आडवे होऊन ते पापनिवेदन ऐकत. सर्वांत वाईट दिवसांत तिथे दिवसाला शंभर माणसे मरत होती. ज्या सहा लुटारूंना फाशी झाली, त्यांच्याबरोबरही तेच चालत गेले. जमलेल्या कैद्यांना त्यांनी दयेची विनंती केली. जमावाने ऐकले नाही. मग शेवटपर्यंत ते त्यांच्यासोबत प्रार्थना करत राहिले. निघताना त्यांनी सोळा हजार कॉन्फेडरेट डॉलर कर्ज काढले. त्या चलनाची किंमत तेव्हा घसरलेली होती, तरी एका म्हाताऱ्या धर्मगुरूसाठी ती रक्कम लहान नव्हती. त्यातून दहा हजार पौंड गव्हाचे पीठ घेतले, पाव भाजवून घेतले आणि छावणीच्या इस्पितळात वाटले. कैद्यांनी त्याला नाव ठेवले, 'व्हीलनचा पाव'.

आता अवघड भाग. फादर व्हीलन ज्या बाजूचे होते ती बाजू माणसांना विकत घेण्याचा आणि विकण्याचा हक्क टिकवण्यासाठी लढत होती. हे झाकून त्यांचा गौरव करणे मला जमणार नाही. आणि हे सांगून त्या खड्ड्यातल्या माणसाला पाजलेले पाणी पुसून टाकणेही जमणार नाही. माणूस एखाद्या बाबतीत आपल्या काळाइतकाच आंधळा असतो आणि दुसऱ्या बाबतीत आपल्या काळाच्या कितीतरी पुढे. भल्या शेजारधर्मी शोमरोनी माणसाच्या दाखल्यात प्रभू येशू त्याच्या धर्ममतांची चौकशी करत नाही, एवढे मला आठवते. पण म्हणून ती मते बरोबर ठरत नाहीत, हेही तितकेच खरे.

त्या छावणीचा तुरुंगाधिकारी हेन्री विर्झ हाही स्थलांतरितच, स्वित्झर्लंडचा. युद्ध संपल्यावर त्याच्यावर खटला झाला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्याला फाशी दिली गेली. मी वरच्यांचे हुकूम पाळले, असे त्याचे म्हणणे होते. त्या खटल्यात फादर व्हीलन यांचीही साक्ष झाली. नव्या देशात येऊन एक जण हुकूम पाळतो, दुसरा रांगत खड्ड्यात शिरतो, तिसरा उपाशी राहून 'नाही' म्हणतो. परकेपणाने यांपैकी कोणाचेच उत्तर ठरवून दिलेले नव्हते.

फादर व्हीलन यांची फुफ्फुसे अँडरसनव्हिलनंतर कधी नीट बरी झाली नाहीत. १८७१ मध्ये सव्हाना येथे ते वारले. त्यांना कोणत्याही सरकारने पदक दिले नाही.

डॉहर्टी मात्र दीर्घायुषी झाला. पेनसिल्व्हेनियातील ब्रिस्टल या गावी राहून तो १९३० मध्ये वारला. तुरुंगात असताना त्याने रोजनिशी ठेवली होती. ज्या ठिकाणी माणसे एका चमचाभर मिठासाठी भांडत होती, तिथे तो आज कोण गेला, काय खाल्ले, पाऊस पडला की नाही, हे टिपत बसला होता. यालाही मी सोसण्याचाच भाग समजतो. १९०८ मध्ये ती रोजनिशी ब्रिस्टललाच छापून निघाली. पुस्तकाचे नाव त्या काळच्या रीतीप्रमाणे लांबलचक आहे. आपण कोणकोणत्या तुरुंगांत होतो ते त्याने त्यात दिले आहे आणि त्याखाली एक हिशेब मांडला आहे: आपल्याबरोबर पलटणीचे एकशे सत्तावीस जण पकडले गेले, त्यांपैकी एकशे बावीस अँडरसनव्हिलमध्ये मेले, आणि जिवंत उरला तो आपण एकटा.